ट्रान्सप्लांटनंतर लावलेले केस गळायला लागलेत, हे किती दिवस चालतं आणि घाबरायचं कधी?

मानपाडा_घोडबंदर:

नमस्कार मंडळी. वय ३१, राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीत. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेलेले आणि पुढचा मधला भाग विरळ, म्हणून जूनच्या सुरुवातीला नवी मुंबईतल्या एका ठिकाणी एफयूई (डोक्याच्या मागचे केस मुळासकट एकेक काढून पुढे लावतात ते) करून घेतलं, दोन हजारच्या आसपास ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके. सुरुवातीला सगळं मस्त होतं. खपल्या त्यांनी सांगितलं तशा पडल्या, बारीक बारीक केस उभे दिसायला लागले, आई पण म्हणाली की लाईन छान आलीये. आणि मग गळती सुरू झाली. आधी उशीवर दोनचार, मग डोकं धुताना हाताला चिकटून यायला लागले, आता महिना उलटून गेलाय आणि पुढचा भाग जवळपास ऑपरेशनच्या आधी होता तसाच झालाय, वर लालसर दिसतो ते वेगळंच. क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरून 'नॉर्मल आहे सर, थांबा' एवढंच उत्तर मिळालं, डॉक्टरांशी बोलणं अजून झालेलं नाही.

मला खरंच खूप टेन्शन आलंय. यासाठी बरेच दिवस पैसे बाजूला टाकत होतो, घरच्यांना समजावलं होतं, आणि आता रोज सकाळी टॉवेल बघायची भीती वाटते.

विचारायचं हे की गळलेल्या काही केसांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, ते मूळ आहे का? म्हणजे ग्राफ्टच निघून येतोय का? दुसरं म्हणजे फक्त लावलेलेच नाही, त्यांच्या मागचे माझे स्वतःचे केस पण विरळ वाटतायत, ते का? गणपतीला गावी जायचंय आणि डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, तोपर्यंत काही दिसेल का? आणि आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्याने पण गळतात असं सगळे म्हणतात. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

ऐरोलीकर:

भावा, आधी शांत हो. तू जे लिहिलंयस ते वाचताना मला माझाच जुलै आठवला. माझं होऊन आता वर्ष उलटून गेलंय, पुढचा भाग आणि कोपरे, एफयूईच.

माझे लावलेले केस तिसऱ्या आठवड्यात गळायला लागले आणि दोन महिने होईपर्यंत जवळपास सगळे गेले. सगळे म्हणजे खरंच सगळे, एका बाजूला थोडे तग धरून होते बाकी सपाट. त्यानंतरचा काळ सगळ्यात वाईट असतो हे मी तुला आत्ताच सांगतो म्हणजे पुढच्या महिन्यात परत हादरणार नाहीस. गळती थांबते पण उगवत काहीच नाही. डोनर एरिया, म्हणजे जिथून केस काढतात तो भाग, मागून बारीक दिसतो, पुढून टक्कल, लोक बघतात. आमच्याकडे झिरो मशीन मारलेलं बघून खालच्या काकूंनी आईला विचारलं की घरात कोणी गेलं का म्हणून, आईला फार वाईट वाटलं होतं ते.

मग चौथ्या महिन्यात कपाळाला हात लावला की खरखरीत लागायला लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना कळायचं. त्याच वेळी बारीक पुटकुळ्या पण आल्या, मला वाटलं इन्फेक्शन, डॉक्टर म्हणाले नवीन केस त्वचेखालून वर यायचा प्रयत्न करतायत, कोमट पाण्याने शेक आणि दाबून फोडू नको. पाच महिन्यांनी विरळ लव, मग हळूहळू केस. आणि पहिले जे आले ते सरळ नव्हते, तारेसारखे वेडेवाकडे, भांग पडायचाच नाही. आठ नऊ महिन्यांनंतर ते मऊ झाले. आता कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

एक काम कर, रोज आरशात बघणं बंद कर आणि महिन्यातून एकदा फोटो काढ. तीच जागा, तीच लाईट, केस कोरडे, समोरून, वरून आणि दोन्ही बाजूंनी. मला तर चौथ्या आणि सहाव्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवल्यावरच पटलं की काहीतरी घडतंय, रोजच्या आरशाने मला फक्त त्रास दिला.

त्वचारोग_पाचपाखाडी:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस करते. तुमचं डोकं बघितलेलं नाही त्यामुळे हे तपासणीच्या ऐवजी नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं सविस्तर द्यायला हवीत असं वाटलं कारण 'नॉर्मल आहे' एवढ्याने कोणाचीच भीती जात नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रान्सप्लांटनंतर जी गळती दिसते ती एक नसते, तीन वेगळ्या गळत्या असतात, आणि तुम्ही त्या एकत्र बघताय म्हणून जास्त घाबरलायत.

पहिली, लावलेल्या केसांची. मागच्या भागातून ग्राफ्ट काढला जातो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नवीन जागी बसवल्यावर पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या पेशींमधून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात. या धक्क्यामुळे केसाचं मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जातं, ज्याला आम्ही टेलोजेन म्हणतो, आणि वर दिसणारा केस सोडून देतं. केस म्हणजे वरची मेलेली काडी, जिवंत भाग आत त्वचेखाली आहे आणि तो तिथेच राहतो. ही गळती साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. काहींचे थोडे केस न गळता तसेच वाढत राहतात, काहींचे एकूणएक जातात, आणि यावरून शेवटचा रिझल्ट चांगला की वाईट हे अजिबात ठरत नाही. विश्रांतीचा काळ साधारण तीन महिन्यांचा, त्यानंतर मूळ परत वाढीच्या अवस्थेत येतं. म्हणून तिसऱ्या चौथ्या महिन्याआधी काही उगवलं नाही तर त्यात बिघडलं असं काही नाही, त्यांना तेवढा वेळ लागतोच.

पांढऱ्या ठिपक्याबद्दल. तो मूळ नाही. विश्रांतीत गेलेल्या कुठल्याही केसाच्या खालच्या टोकाला असा घट्ट पांढरट बुंधा असतो, तुमच्या घरातल्या कोणाच्याही कंगव्यातला केस उचलून बघा, दिसेल. ग्राफ्ट खरोखर निघतो तेव्हा तिथून रक्त येतं, आणि ते पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत होऊ शकतं, खाजवल्याने किंवा डोकं कशावर तरी आपटल्याने. साधारण दहा दिवसांनंतर ग्राफ्ट पक्के झालेले असतात. महिन्यानंतर रक्त न येता केस हातात येतोय म्हणजे फक्त काडी गळली, मूळ आत आहे.

दुसरी गळती, तुमच्या स्वतःच्या केसांची, जिला शॉक लॉस म्हणतात. ज्या भागात सुया, भूल, सूज आणि शेकडो छोट्या चिरा झाल्या त्याच भागात तुमचे जुने केस पण उभे आहेत, त्यांनाही तोच धक्का बसतो. कधी कधी मागे डोनर एरियातही अशी विरळ जागा दिसते. यातले बहुतेक केस तीन ते सहा महिन्यांत परत येतात. पण इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. जे जुने केस आधीच टक्कल पडण्याच्या प्रक्रियेत बारीक, लवेसारखे झालेले होते, त्यातले काही परत येत नाहीत. ते तसेही पुढच्या काळात जाणारच होते, धक्क्याने लवकर गेले.

तिसरी गळती सगळ्यात कमी बोलली जाते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. मुळात ज्या कारणाने टक्कल पडत होतं ते कारण ऑपरेशनने जात नाही. मागच्या भागातले केस डीएचटी या हार्मोनला फारसे बधत नाहीत, आणि पुढे आणून लावले तरी त्यांचा हा गुण टिकतो. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ साली हे मांडलं आणि सगळं हेअर ट्रान्सप्लांट त्याच तत्त्वावर उभं आहे. पण जे लावलेले नाहीत, ते पुढचे आणि टाळूवरचे मूळ केस आहेत तसेच नाजूक राहतात. ३१ वय म्हणजे तुमचं टक्कल अजून पुढे सरकू शकतं. औषध घेतलं नाही तर काही वर्षांनी पुढे लावलेली दाट पट्टी आणि तिच्यामागे मोकळी जागा असं चित्र दिसतं, तेव्हा लोक म्हणतात ट्रान्सप्लांट गळून गेलं. लावलेले तिथेच असतात, मागचे गेलेले असतात. म्हणून फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल या औषधांतलं तुम्हाला काय योग्य, कधी सुरू करायचं, हे तुमच्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बसून ठरवा. फिनास्टेराइडचे काही पुरुषांमध्ये लैंगिक साईड इफेक्ट होतात, ते समजून घेऊन निर्णय घ्या, मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

आता तारखा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. चौथ्या महिन्यात उगवायला लागला तर सहाव्या महिन्यात फार तर दोनेक सेंटीमीटर लांब. गणपती तुमच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास येतात, तेव्हा दिसायला सगळ्यात विरळ असाल, आत्ताच मनाची तयारी ठेवा. डिसेंबरात लग्नाच्या वेळी फरक नक्की जाणवेल पण अर्धीच वाट झालेली असेल. पुढच्या भागाचा रिझल्ट बारा महिन्यांनी बघायचा, टाळूवर भोवऱ्याच्या जागी केलं असेल तर पंधरा ते अठरा महिने.

टँकरच्या पाण्याबद्दल रोज दोन पेशंट तरी विचारतात. जड पाण्याने केस कोरडे, राठ होतात, साबण नीट निघत नाही, तुटतात पण. मुळापासून गळून टक्कल पडत नाही. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेतलात तर केस मऊ राहतील, तेवढा फायदा आहे.

आणि लगेच दाखवायला जा अशी लक्षणं: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, पू येतोय, ताप आहे, लाली पसरतेय, किंवा लावलेल्या जागेची त्वचा काळपट पडलीये. तसंच डोक्यावर कुठेही चाई पडल्यासारखा गोल गुळगुळीत चट्टा दिसला तर तो शॉक लॉस असेल असं समजून घरी बसू नका. नुसती लाली, खाज, थोडा बधिरपणा हे काही आठवडे ते काही महिने राहू शकतं.

आणि हो, या दरम्यान डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तापानंतर दोन तीन महिन्यांनी संपूर्ण डोक्यावरून केस गळतात, पावसाळ्यानंतर आमच्याकडे अशी रांग लागते, आणि ट्रान्सप्लांटवाले त्याचा दोष ऑपरेशनला देत बसतात.

नेरुळची_ताई:

डॉक्टर मॅडमनी इतकं नीट लिहिलंय की माझ्याकडे भर घालायला फक्त बायकांच्या बाजूचं आहे, कारण इथे वाचणाऱ्यांत कोणीतरी असेलच.

मी केलंय. वर्षानुवर्षं घट्ट वेणी आणि नंतर घट्ट अंबाडा, ड्युटीवर तो लागायचाच, त्यामुळे कानशिलाच्या वरच्या कडा मागे गेल्या होत्या. आधी थायरॉइड, लोह, फेरीटिन सगळं तपासून झालं, तरी तिथे काही येईना म्हणून मग थोडे ग्राफ्ट लावले. बायकांचं सगळं डोकं भादरत नाहीत, मागे केसांच्या आडची एक पट्टी काढतात, वरून केस सोडले की झाकलं जातं, त्यामुळे ऑफिसात कोणाला कळलं नाही.

पण शॉक लॉस मला चांगलाच झाला. लावलेले गेले त्याचं काही वाटलं नाही, त्याचं सांगितलेलं होतं. माझे स्वतःचे लांब केस जायला लागले ना, मूठभर, आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर, ते बघून मी रडले. पुरुषांचा बारीक केस गळतो तो दिसत नाही, आपला हातभर लांब केस गळतो तेव्हा चार गळले तरी पुंजका वाटतो. नवरा म्हणायचा अगं दिसत नाहीये, आणि मला वाटायचं हा मुद्दाम म्हणतोय. पाचव्या महिन्याच्या सुमारास कपाळाच्या कडेला छोटे छोटे उभे केस दिसायला लागले, ते माझेच परत येत होते आणि त्यात नवीनही. भांगाजवळचे थोडे विरळ राहिले ते राहिले.

दादा, तुमच्या आईला पण हे सगळं वाचून दाखवा. घरचे लोक रोज डोक्याकडे बघून 'अजून गळतायत का रे' विचारतात ना, काळजीनेच विचारतात पण त्याने आपण जास्त खचतो. माझ्या सासूबाईंना मी सरळ सांगितलं की सहा महिने केसांचा विषय नको, त्यांनी तो शब्द पाळला, आणि मला खरंच खूप हलकं वाटलं. आणि तेल चोळायला देऊ नका इतक्यात, आयांचा हात केसांवर गेला की तेलाची वाटी येतेच. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि तेही हलक्या हाताने.

कळवा_खारेगाव:

बाकीचे धीर देतायत ते बरोबरच आहे, मी दुसरी बाजू सांगतो म्हणजे काय बघायचं ते कळेल. घाबरवायला लिहीत नाहीये.

माझं ज्या ठिकाणी झालं त्यांचं नाव इथे घेत नाही. सल्ला द्यायला डॉक्टर होते, ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी पेनाने लाईन आखली आणि गेले, पुढचं सगळं तिथे कामाला असलेल्या मुलांनी केलं, चिरा मारण्यापासून. माझे पण केस गळले, मलाही सांगितलं नॉर्मल आहे. सहा महिने झाले, नॉर्मल आहे. नऊ महिने, अजून येतील. वर्ष झालं तरी पुढे पट्ट्यापट्ट्यांनी आलेत आणि मध्ये मोकळं, डोनर एरियात मागे ठिपकेच ठिपके. म्हणजे 'नॉर्मल आहे, थांबा' हे वाक्य पहिल्या तीन महिन्यांत खरं असतं, पण तेच वाक्य दहाव्या महिन्यात कोणी फोनवरून ऐकवत असेल तर गप्प बसायचं नाही, दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवायचं. मी तेच केलं, त्यांनी डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) बघून सांगितलं की बरेच ग्राफ्ट जगलेच नाहीत.

म्हणून तू आत्ताच कागद गोळा करून ठेव. किती ग्राफ्ट काढले, किती लावले, कुठल्या भागात किती, कोणी केलं, भूल कोणती दिली, आधीचे फोटो. सगळं मागून घे, तो तुझा हक्क आहे. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर कागदावर असतो, तो बघ. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट आहे की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायचं, वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नाही. ठाण्यापासून पनवेलपर्यंत दर स्टेशनबाहेर बोर्ड लागलेत, ग्राफ्टमागे इतके रुपये म्हणून, पण आत सुई कोणाच्या हातात असणार हे बोर्डावर लिहिलेलं नसतं. जे अजून करायचा विचार करतायत त्यांनी हा प्रश्न पहिला विचारा, रेटचा नंतर.

बाकी तुझ्या केसबद्दल, दीड महिन्यात गळणं यात मला तरी काही वावगं दिसत नाही. आमच्या काकांची शहापूरला शेती आहे, भाताची लावणी केली की रोप आधी पिवळं पडतं, मान टाकतं, आणि मूळ धरलं की मग हिरवं होतं, डॉक्टरांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं. माझ्या बाबतीत लावणीच धड झाली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

मानपाडा_घोडबंदर:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला पूर्ण वाचून दाखवलं, ताईंचं तेलाच्या वाटीचं ऐकून ती पण हसली आणि मग म्हणाली बरं बाबा नाही विचारत.

मॅडम, अजून दोनच प्रश्न. मला महिन्यानंतर मिनॉक्सिडिल ५ टक्के सुरू करायला सांगितलंय, बाटली आणून ठेवलीये पण कुठेतरी वाचलं की त्याने पण सुरुवातीला केस गळतात, म्हणून उघडलीच नाही. आधीच एवढे गळतायत त्यात अजून कशाला असं वाटतं. आणि दुसरं हेल्मेट. मी स्कूटरने कळवा पुलावरून ठाणे-बेलापूर रोडने जातो, हेल्मेटशिवाय शक्य नाही, पण पावसात आत घाम आणि दमट, डोकं चिकट होतं. ट्रेनने जावं तर ठाणे-वाशी लाईनला सकाळच्या गर्दीत कोणाची बॅग डोक्याला लागेल सांगता येत नाही.

त्वचारोग_पाचपाखाडी:

मिनॉक्सिडिलने सुरुवातीला गळतात हे खरं आहे. कारण ते विश्रांतीत असलेल्या मुळांना लवकर वाढीच्या अवस्थेत ढकलतं, आणि नवीन केस येताना जुना बाहेर पडतो. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात ही गळती दिसते आणि थांबते. तुमच्या बाबतीत लावलेले केस तसेही गळतायत, त्यामुळे औषध पुढे ढकलून ते वाचणार नाहीत. तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनी सुरू करा म्हटलंय तर त्यांना एकदा त्वचा दाखवा, लाल आहे म्हणताय, सोलवटलेली नाही ना हे बघून ते तारीख सांगतील. एकदा सुरू केलं की मध्येच बंद करायचं नाही हे मात्र लक्षात ठेवा. बंद केलं की त्या औषधावर टिकलेले तुमचे मूळ केस काही महिन्यांत परत जातात, लावलेल्यांना त्याने सहसा फरक पडत नाही.

हेल्मेट घालाच. महिना उलटल्यावर हेल्मेटने ग्राफ्ट निघत नाहीत, डोकं फुटलं तर मात्र केसांचा प्रश्नच उरत नाही. आत पातळ सुती कापड बांधा, रोज धुतलेलं, हेल्मेट काढताना ओढून न काढता दोन्ही बाजू फाकवून सरळ वर उचला, आणि आतलं अस्तर निघत असेल तर धुऊन वाळवत जा. घरी पोचल्यावर घाम धुऊन टाका, सौम्य शाम्पू रोज वापरला तरी आता चालतो. धुतल्याने केस गळत नाहीत, जे सुटलेले असतात ते धुताना हातात येतात. लोक घाबरून डोकं धुणं बंद करतात, मग तेलकट थर साचतो, कोंडा होतो, पुटकुळ्या येतात आणि त्रास वाढतो.

ट्रेनमधली बॅग पण आता घाबरण्यासारखी नाही. पाऊस उघडल्यावर उन्हाची काळजी घ्या, निदान पहिले तीनेक महिने त्या लाल भागावर थेट ऊन नको, सैल टोपी घाला, नाहीतर तिथे काळे डाग राहतात. गावी नदीत, विहिरीत पोहायचं असेल तर आधी डॉक्टरांना त्वचा दाखवून विचारा.

ऐरोलीकर:

लग्नाचं राहिलं. सहाव्या महिन्यात केस असतात पण दाट नसतात, तेव्हा बाकीचे फार वाढवू नकोस, मागून बाजूने बारीक ठेवले की पुढचे विरळ दिसत नाहीत. न्हाव्याला आधीच सांग की पुढे मशीन नको, फक्त कात्री, माझ्या डॉक्टरांनी पुढच्या भागाला पहिले काही महिने मशीन लावू दिलं नव्हतं. फोटोसाठी केसांवर टाकायची ती काळी पावडर मिळते फायबरवाली, ती माझ्या भावाच्या साखरपुड्यात मी वापरली होती, डॉक्टरांना विचारूनच, आणि रात्री नीट धुऊन काढली. फोटोत कोणाला काही कळलं नाही.

आणि गणपतीला गावी जातोयस तर टोपी घाल आणि बिनधास्त जा, आरतीला उभं राहिल्यावर कोण डोकं बघत नाही.

नेरुळची_ताई:

डाय किंवा मेंदी लावायचा विचार असेल लग्नासाठी तर तेही आधी विचारून घ्या दादा, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा नको, दोन तीन आठवडे आधी कानामागे थोडी लावून बघा. नवीन त्वचेला काय सोसेल सांगता येत नाही.

मानपाडा_घोडबंदर:

अपडेट देतो. आज स्वतः क्लिनिकला जाऊन बसलो, डॉक्टर भेटल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. त्यांनी मशीनखाली बघितलं, म्हणाले त्वचा स्वच्छ आहे, इन्फेक्शन नाही, मुळांच्या जागा बंद झालेल्या नाहीत. मागच्या केसांना शॉक लॉस आहे असंच म्हणाले, मॅडम म्हणाल्या तेच. मिनॉक्सिडिल पुढच्या सोमवारपासून रात्री एकदा, फिनास्टेराइडबद्दल रक्ततपासणी झाल्यावर बोलू म्हणाले. ग्राफ्टचा पूर्ण हिशोब आणि आधीचे फोटो मागितले, थोडी कुरकुर केली पण प्रिंट काढून सही करून दिली. कळवावाल्या मित्रा, तुझं ते लिहिलेलं नसतं तर मी हे मागितलंच नसतं. तू कोणाला दाखवतोयस आता, दुरुस्तीचं काही ठरलं का?

कळवा_खारेगाव:

हो, दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय की डोनरमध्ये अजून थोडे काढता येतील पण घाई नको, आधी औषधाने जे आहेत ते टिकवू, मग पुढच्या वर्षी मोकळ्या पट्ट्या भरू. मी पण तयार आहे थांबायला. तू ऑक्टोबरचा फोटो इथे टाक, मी पण माझे टाकतो.